पैशाची वंशावळ मागणारा व्हिसा

गुंतवणुकीच्या बदल्यात ग्रीन कार्ड देणाऱ्या अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसाची चर्चा निघाली की पहिला आकडा येतो तो ८ लाख डॉलरचा. डॉलर ९० रुपये धरला तर ७ कोटी २० लाख. मग ‘एवढे आहेत का आपल्याकडे?’ या प्रश्नापाशी बहुतेक घरांतली चर्चा संपते. ज्या घरांत ती संपत नाही, तिथे खरी अडचण पुढे येते. अर्ज रक्कम कमी पडल्यामुळे क्वचितच अडतो. तो अडतो कारण रक्कम कुठून आली आणि कोणत्या वाटेने अमेरिकेत पोचली, हे कागदावर दाखवता येत नाही. अमेरिका पैसा मागते तशी त्याची वंशावळही मागते. ही मागणी रास्त आहे आणि कितीही जाचक वाटली तरी ती सैल होऊ नये, असं माझं मत आहे. बदल हवा तो आपल्याकडच्या एका नियमात. त्या नियमामुळे स्वच्छ पैसाही तुकडे करून, बक्षीसपत्रांच्या आडून पाठवावा लागतो.

आधी अटी. मार्च २०२२ मध्ये झालेल्या सुधारणा कायद्याने ईबी-५ची किमान गुंतवणूक १० लाख ५० हजार डॉलर ठरवली. ग्रामीण भागात, जास्त बेकारीच्या भागात किंवा सरकारी पायाभूत प्रकल्पात ती ८ लाख. प्रत्येक गुंतवणूकदारामागे १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार व्हायला हव्यात. पैसा खऱ्या जोखमीत असला पाहिजे. ‘अमुक वर्षांनी मुद्दल परत’ अशी हमी करारात असेल तर ती गुंतवणूक धरतच नाहीत. एवढं होऊन पहिलं ग्रीन कार्ड मिळतं ते दोन वर्षांचं आणि सशर्त. प्रकल्पवाल्यांची प्रशासकीय फी साधारण ५० ते ८० हजार डॉलर, ती ८ लाखांच्या वर. या फीचा स्रोतही नव्या कायद्याप्रमाणे दाखवावा लागतो. हे बरेच जण विसरतात. फी घाईघाईत कुणा नातेवाइकाच्या खात्यातून भरून टाकतात आणि मग त्या नातेवाइकाचेही कागद शोधत बसतात.

मराठी घरांचा यात संबंध येतो तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मुलांमुळे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या लोकांना साधारण सात टक्क्यांवर वाटा मिळत नाही, त्यामुळे ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरदारांच्या गटांच्या भारतीय रांगेत उभं राहण्यात उमेद निघून जाते. २०२२च्या कायद्याने ईबी-५मधले २० टक्के व्हिसा ग्रामीण प्रकल्पांसाठी, १० टक्के जास्त बेकारीच्या भागांसाठी आणि २ टक्के पायाभूत प्रकल्पांसाठी राखून ठेवले. शिवाय व्हिसा क्रमांक उपलब्ध असेल तर अमेरिकेत असलेल्या माणसाला गुंतवणुकीचा अर्ज आणि ग्रीन कार्डाचा अर्ज एकदमच भरता येतो. म्हणून आजचा नेहमीचा अर्जदार म्हणजे तिकडे नोकरी करणारा पस्तिशी-चाळिशीतला इंजिनिअर. त्याची बचत आणि कंपनीचे शेअर मिळून काही लाख डॉलर होतात. उरलेला पैसा पुण्यात, नाशकात नाहीतर कोल्हापुरात, आईवडिलांच्या नावावर असतो.

आता वंशावळ म्हणजे काय ते पाहू. सात वर्षांची आयकर विवरणपत्रं. धंदा असेल तर त्याची नोंदणी. अर्जदारावर पैशासंबंधीचे निकाल किंवा दावे असतील तर त्यांची माहिती. ज्या ज्या माणसाने पैसा पुढे सरकवला त्या प्रत्येकाची ओळख. बक्षीस किंवा कर्ज चालतं, पण ते खरंखुरं हवं, निषिद्ध पैसा लपवण्यासाठी केलेलं नको. आणि गुंतवणुकीचा मोठा भाग बक्षिसातून आला असेल तर देणाऱ्याचेही तेवढेच कागद लागतात. म्हणजे बाबांनी मुलाला ३ कोटी दिले तर बाबांची सात वर्षांची विवरणपत्रं, त्यांनी विकलेल्या मालमत्तेचं खरेदीखत आणि विक्रीखत, भांडवली नफ्यावरच्या कराचं चलन, हे सगळं फाइलीत आलं. ‘यांच्या खात्यात इतकी शिल्लक आहे’ एवढं सांगणारं बँकेचं पत्र पुरत नाही, हे तिथल्या अपील मंडळाने १९९८ मध्येच स्पष्ट केलं. एक दिलासा आहे. पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याची नसते. तुमची हकिगत खरी असण्याची शक्यता खोटी असण्यापेक्षा जास्त वाटली की पुरे. पण हकिगतीत मधली एक पायरी कोरी असेल तर अधिकारी जादा पुरावा मागतो. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात आणि तेवढ्यात १९९१चं खरेदीखत मिळतंच असं नाही.

एवढा त्रास कशाला, शिल्लक दाखवली की पुरे होऊ नये का, असं विचारणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावं. तिथल्या गुंतवणूकदार व्हिसाला २०१४ पासून २० लाख पौंड लागत. बरीच वर्षं मुख्य अट एवढीच होती की पैसा अर्जापूर्वी ९० दिवस ताब्यात असावा. २०१५ पर्यंत अर्ज करण्याआधी ब्रिटनमध्ये बँकेत खातं उघडण्याचीही सक्ती नव्हती. गृहखातं समजत होतं की तपास बँक करेल. बँक समजत होती की व्हिसा दिला म्हणजे गृहखात्याने तपास केला असणार. पुढे ९० दिवसांची दोन वर्षं झाली, पण तोवर या मार्गाचं नाव काळ्या पैशाशी जोडलं गेलं होतं आणि १७ फेब्रुवारी २०२२ रोजी तो बंदच केला. पैसा खात्यात किती दिवस होता याची अट चोराला सर्वांत सोपी जाते. त्याच्याकडे पैसा असतो आणि थांबायला वेळही असतो. नसतो तो पैशाचा इतिहास. अमेरिकेचा कार्यक्रम डागाळलेला नाही असं नाही. व्हरमाँटमधल्या जे पीक प्रकल्पात शेकडो गुंतवणूकदार फसले. पण तिथे फसवलं ते प्रकल्पवाल्यांनी, अर्जदारांनी नव्हे. अर्जदाराकडे कागद मागण्याची पद्धत त्या वादळातही टिकली ती तिच्या गुणावर.

या कसोटीवर महाराष्ट्रातले कागद कसे उतरतात?

सर्वांत सोपा स्रोत पगार आणि कंपनीचे शेअर. फॉर्म १६, विवरणपत्र आणि डीमॅटचा उतारा जुळला की प्रश्न संपला. त्याखालोखाल, ऐकायला नवल वाटेल, पण भूसंपादनाचा मोबदला. महामार्गात किंवा धरणात जमीन गेली असेल तर सरकारी कागदावर क्षेत्र, दर आणि रक्कम असते, पैसा थेट बँकेत जमा होतो आणि सातबाऱ्यावर फेरफार पडतो. परदेशातल्या अधिकाऱ्याला याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. एरवी शेतीचं उत्पन्न दाखवणं मात्र कठीण. ते करमुक्त, म्हणून अनेकांनी कधी विवरणपत्रच भरलेलं नसतं. तिथे कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या आणि जिल्हा बँकेचं पासबुक यांवर हकिगत उभी करावी लागते. हाताने लिहिलेलं पतसंस्थेचं पासबुक असेल तर त्याच्या जोडीला संस्थेचं प्रमाणपत्र आणि शक्य तितक्या मूळ पावत्या लावाव्यात.

फ्लॅट किंवा बंगला विकून पैसा उभा केला असेल तर दोन टोकं सांधावी लागतात. विक्रीचं टोक बहुधा ठीक असतं: नोंदवलेलं खत, इंडेक्स टू, खरेदीदाराने कापलेला टीडीएस, बँकेतली जमा. अडतं ते खरेदीचं टोक. १९८८ साली बाबांनी तो प्लॉट कशातून घेतला? प्रॉव्हिडंट फंडातून की सोसायटीच्या कर्जातून? त्या काळची पगारपत्रकं नसतात. निवृत्तीचा आदेश, सेवापुस्तकाची प्रत, कर्जफेडीचा दाखला यांतून ते सिद्ध करावं लागतं. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर वारसनोंदीचा फेरफार, भावाबहिणींची हक्कसोडपत्रं आणि वाटणीपत्र लागतं. एका कागदावर ‘गणपतराव’, दुसऱ्यावर ‘जी. बी.’ आणि तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हा प्रकार घरोघरी आहे. प्रतिज्ञापत्र करून तो आधीच मिटवावा. प्रत्येक मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते पूर्ण आणि अचूक असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यावं लागतं. फेरफारातली मोडी वळणाची जुनी नोंद ‘वाचता येत नाही’ म्हणून गाळली तर नेमकी तीच विचारली जाते.

आणि रोख. करारात १ कोटी २० लाख आणि हातात वरचे ६० लाख, या पद्धतीने फ्लॅट विकणाऱ्याला हे ६० लाख ईबी-५साठी वापरता येत नाहीत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आपल्याच आयकर कायद्याची मनाई आहे. मग कुणीतरी सुचवतो की इथे रुपये द्या, तिकडे माझा माणूस डॉलर देईल. हा हवाला आहे, फेमा या परकीय चलन कायद्याचा भंग आहे, आणि त्याबरोबर पैशाचा मागही तिथेच तुटतो. याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही. वर्षानुवर्षं रेडी रेकनरच्या काठाकाठाने व्यवहार केलेल्या घरांकडे ७ कोटींची मालमत्ता असून कागदावर ४ कोटीच निघतात, तेव्हा तो भुर्दंड त्या ६० लाखांचा असतो, अमेरिकेचा नव्हे.

मात्र ज्याने सगळा कर भरला, सगळा व्यवहार चेकने केला, त्याच्यापुढची अडचण वेगळी आहे. ती दिल्ली-मुंबईत तयार होते.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे सगळे जिला एलआरएस म्हणतात त्या योजनेखाली, निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. ही मर्यादा २०१५ पासून तीच आहे. देशांतरासाठी त्याहून जास्त रक्कम नेण्याची एक सवलत नियमांत दिसते. पण रिझर्व्ह बँकेचा खुलासा असा की ही जादा रक्कम तिकडच्या आनुषंगिक खर्चासाठीच. सरकारी रोखे, जमीन किंवा व्यावसायिक उद्योग यांत गुंतवणूक करून देशांतराला पात्र ठरण्यासाठी नाही. ईबी-५सारख्या गुंतवणुकीला पुढचं दार बंद ठेवणारं हे वाक्य आहे.

मागचं दार मात्र उघडं आहे, आणि सगळे तिथूनच जातात. मुलगा अनिवासी. आई आणि बाबा मार्चअखेर दोन-दोन लाख डॉलर त्याला बक्षीस म्हणून पाठवतात. एप्रिल उजाडला की नवं आर्थिक वर्ष. पुन्हा दोन-दोन लाख. पंधरा दिवसांत ८ लाख पूर्ण. कायदा मोडला नाही. पण फ्लॅट एकट्या बाबांच्या नावावर होता, म्हणून आधी बाबांनी आईला रुपयांत बक्षीस दिलं, त्याचं बक्षीसपत्र; मग आईने मुलाला दिलं, त्याचं बक्षीसपत्र; मग बाबांनी मुलाला, त्याचं तिसरं. एका फ्लॅटची एक रक्कम चार तुकड्यांत, दोन खात्यांतून, दोन आर्थिक वर्षांत गेली. अमेरिकी अधिकाऱ्याच्या नजरेला हा आकार कसा दिसतो? मर्यादेखाली राहण्यासाठी रक्कम फोडणं हा संशयित पैशाचा नेहमीचा गुणधर्म. त्यामुळे वकिलाला फाइलीत एलआरएस समजावून सांगणारं टिपण घालावं लागतं. प्रामाणिक माणसाला आपल्या देशाच्या नियमाबद्दल परक्या देशापुढे खुलासा करावा लागतो.

यात चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. परदेशी पैसा पाठवताना बँकेत भरायच्या ए-टू फॉर्मवर पाठवणारा लिहून देतो की पैसा माझा स्वतःचा आहे. म्हणून आईच्या खात्यात पैसा आदल्या दिवशी येऊन दुसऱ्या दिवशी गेला असेल तर मधलं बक्षीसपत्र त्याच्या आधीच्या तारखेचं हवं. मागून केलेलं बक्षीसपत्र ताबडतोब ओळखू येतं. हेतूचा कोड बक्षिसाचा, म्हणजे एस-१३०२ घालावा. बँकेतला कारकून सवयीने कुटुंबाच्या निर्वाहखर्चाचा एस-१३०१ घालतो आणि मग बँकेचा कागद एक बोलतो, अर्ज दुसरं. धाकट्या भाचरांची, अज्ञान मुलांची मर्यादा वापरण्याचा सल्ला काही सल्लागार देतात, तो टाळावा. जो गुंतवणुकीत सहमालक नाही त्याची मर्यादा भांडवली व्यवहारात जोडता येत नाही. मुलाने तिकडे फॉर्म ३५२० भरायचा असतो, कारण परदेशी व्यक्तीकडून वर्षाला एक लाख डॉलरवर बक्षीस आलं की ते अमेरिकी करखात्याला कळवावं लागतं. त्यावर कर नाही, पण न कळवल्याचा दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो.

अर्जदार स्वतः निवासी असेल, म्हणजे पुण्यातला उद्योजक स्वतःच जायचं म्हणतोय, तर मागचं दारही नाही. निवासी पत्नी त्याच्या परदेशातल्या खात्यात डॉलरमध्ये बक्षीस देऊ शकत नाही. त्याला ८ लाखांसाठी चार आर्थिक वर्षं लागतात, आणि बाहेर पाठवलेला पैसा गुंतवला गेला नाही तर १८० दिवसांत परत आणावा लागतो. घर तारण ठेवून कर्ज काढावं? अमेरिकेला कर्ज चालतं. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कर्जातून आलेली रक्कम रोख गुंतवणूकच धरावी असा निकाल दिला. पण परदेशातल्या भांडवली व्यवहारासाठी बँकांनी निवासी माणसाला कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

वर टीसीएस. वर्षाला माणशी १० लाख रुपयांपुढे बक्षीस किंवा गुंतवणूक म्हणून पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के घेते. दोन लाख डॉलर म्हणजे १ कोटी ८० लाख. त्यातले १० लाख वजा जाता १ कोटी ७० लाखांवर ३४ लाख. चार तुकड्यांचे १ कोटी ३६ लाख. हा कर नव्हे, आगाऊ जमा आहे. विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण ज्या निवृत्त जोडप्याचं करपात्र उत्पन्न १२ लाख आहे त्यांचा सव्वा कोटी रुपये परतावा येईपर्यंत सरकारकडे अडकतो, आणि ८ लाख डॉलर पाठवायला साडेआठ कोटींवर रोकड हाताशी लागते. भांडवली नफ्यावरचा कर त्यांनी आधीच भरलेला असतो.

माझी सूचना साधी आहे. गुंतवणूकदार देशांतरासाठी आयुष्यात एकदा, एका माणसाला, त्या देशाच्या कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेपर्यंत एकत्र पैसा पाठवू द्यावा. अट कडक ठेवावी: सात वर्षांची विवरणपत्रं, मालमत्ता विकली असेल तर कर भरल्याचा पुरावा, सीएचं प्रमाणपत्र, आणि पैसा नातेवाइकाच्या खात्यात न जाता थेट प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पुऱ्या होईपर्यंत त्रयस्थाकडे राहणाऱ्या खात्यात. या कागदांवर टीसीएस माफ करावा आणि व्यवहाराला स्वतंत्र हेतू-कोड द्यावा. यात नवं काही नाही. अनिवासी भारतीयाला एनआरओ या आपल्या भारतातल्या रुपया-खात्यातून वर्षाला १० लाख डॉलर नेता येतात, तेही सीएच्या कर-प्रमाणपत्रावर आणि टीसीएसशिवाय. म्हणजे ‘कर भरल्याचं सीएकडून लिहून आणा आणि न्या’ हे तत्त्व आपल्याच नियमांत आहे. वडील वारले आणि तोच फ्लॅट मुलाला वारशाने मिळाला तर विक्रीचे पैसे या वाटेने एकाच वर्षात जातात. वडील हयात असताना द्यायचे तर चार तुकडे. या भेदामागचं आर्थिक तर्कशास्त्र मला सापडत नाही.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला रुपयाचा. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने एलआरएसची मर्यादा दोन लाखांवरून ७५ हजार डॉलरवर आणली होती. हा खटका हातात ठेवणं तिला गरजेचं वाटतं. ठीक. पण २०२३-२४ मध्ये एलआरएसने सुमारे ३१.७ अब्ज डॉलर बाहेर गेले. हजार कुटुंबांनी प्रत्येकी ८ लाख डॉलर नेले तरी ०.८ अब्ज होतात, आणि ते आजही जातातच, फक्त ‘बक्षीस’ या शीर्षकाखाली. त्यामुळे व्हिसासाठी किती पैसा देशाबाहेर गेला हे आज रिझर्व्ह बँकेलाही आकड्यांतून वेगळं काढता येणार नाही. गंगाजळीची चिंता असणाऱ्याला तर स्वतंत्र कोड आधी हवा. अडचणीच्या वर्षी ही खिडकी बंद करायलाही तो उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप नैतिक: सात कोटीवाल्यांच्या सोयीसाठी नियम का वाकवायचा? खऱ्या श्रीमंतांना या नियमाची झळ लागतच नाही. त्यांच्या दुबईत कंपन्या आहेत, मुलं आधीच अनिवासी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ट्रम्प यांच्या गोल्ड कार्डासाठी दहा लाख डॉलर अमेरिकी सरकारला चक्क देणगी म्हणून द्यायचे आहेत, परत काही येणार नाही, आणि तेही ईबी-१ किंवा ईबी-२च्याच कोट्यातून. तरी तिथेही गिऱ्हाईक असेल. चार तुकड्यांच्या कसरतीत अडकतो तो एकुलता फ्लॅट विकणारा निवृत्त प्राध्यापक. त्याने तो विकावा का, हा निराळा प्रश्न. मला विचाराल तर सहसा नाही. मुद्दल परत येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याचा करार कायद्यात बसत नाही. पण विकायचा निर्णय त्याने घेतलाच, तर आपल्या नियमाने त्याला संशयिताच्या रूपात पुढे पाठवू नये.

२०१५ मध्ये एलआरएस अडीच लाखांवर गेली तेव्हा ईबी-५ची कमी असलेली किमान रक्कम पाच लाख डॉलर होती. आई आणि बाबा, एक वर्ष, हिशेब पूर्ण. २०२२ मध्ये रक्कम आठ लाख झाली आणि तुकडे चार झाले. १ जानेवारी २०२७ पासून अमेरिकी कायदा ही रक्कम महागाईप्रमाणे आपोआप वाढवणार आहे आणि पुढे दर पाच वर्षांनी तसंच होणार. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, पुढे कार्यक्रमाला मुदतवाढ मिळाली नाही तरी, कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून सध्या सल्लागारांकडे घाई आहे. त्या घाईत बक्षीसपत्रांच्या तारखा चुकतात, फेरफार जोडायचे राहतात. रिझर्व्ह बँकेची मर्यादा मात्र अकरा वर्षांपूर्वीच्याच आकड्यावर उभी आहे, आणि तिकडची रक्कम अशीच वाढत गेली तर आईवडिलांच्या वाट्याला आणखी एक मार्च आणि आणखी एक एप्रिल येणार आहे.